हवा जास्त की पेट्रोल जास्त?



यंदाच्या विज्ञान प्रदर्शनात सर्वांत जास्त गर्दी झाली ती पटांगणातल्या पाण्याच्या ड्रमापाशी. आपल्या एका पालकांचे जुन्या भोपाळात मोटर दुरुस्तीचे वर्कशॉप आहे. त्यांनी बोटीचे एक जुने टू-स्ट्रोक इंजिन आणले होते. ते लाकडी स्टँडवर कसून त्याचा पंख्याकडचा भाग ड्रममधल्या पाण्यात सोडला होता. असे इंजिन थंड राहण्यासाठी बाहेरचेच पाणी ओढून घेते. कोरडे चालवले तर त्याच्या पंपातले रबरी चक्र काही क्षणांत खराब होते.

सप्टेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित अधिकरणाने मोठ्या तलावातील क्रूझ आणि मोटरबोटी बंद करण्याचा आदेश दिला. तेव्हापासून हे इंजिन गोदामात पडून होते. दोरी ओढली की सुरू व्हायचे, पण चोक सोडला की लगेच बंद. आम्ही मोठ्या उत्साहाने म्हणालो, "कार्ब्युरेटरचा स्क्रू जरा फिरवून पाहा ना!" पालक हसून म्हणाले, "थांबा. आधी त्याचं काय दुखतंय ते तर विचारू."

कार्ब्युरेटरचे काम समजायला सोपे आहे. हवेची वाट मध्येच अरुंद केली की तिथे हवेचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. या कमी दाबामुळे खालच्या वाटीतले पेट्रोल बारीक छिद्रातून, म्हणजे जेटमधून, वर खेचले जाते आणि हवेत मिसळते. कॉलेजात हिंदी माध्यमातून शिकताना आम्ही 'बर्नूली का प्रमेय' घोकून पाठ केले होते. ते घरच्या स्कूटरमध्ये रोज काम करते हे मात्र तेव्हा कोणी सांगितले नाही! एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. हवा याहून जास्त झाली तर मिस्त्री मिश्रण 'लीन' झाले म्हणतात, पेट्रोल जास्त झाले तर 'रिच'.

दोन्हीत इंजिन अडखळते, म्हणून माणूस फसतो. पण लक्षणे वेगळी असतात. पेट्रोल जास्त असेल तर धूर काळा येतो, वास येतो, प्लगवर ओली काजळी बसते आणि पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसतो. हवा जास्त असेल तर प्लग पांढुरका पडतो, इंजिन तापते आणि रेस एकदम दिली की कार्ब्युरेटरमधून शिंकल्यासारखा आवाज येऊन बंद पडते. प्लग बदामी-तपकिरी असेल तर मिश्रण ठीक समजावे. मात्र प्लग काळा दिसला म्हणून लगेच निकाल देऊ नये. ठिणगी कमजोर असली तरी पेट्रोल न जळता तसेच राहते आणि प्लग काळाच होतो.

टू-स्ट्रोक इंजिनात लीन मिश्रण जास्त घातक असते. त्यात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते, त्यामुळे पेट्रोल कमी पोहोचले की ऑइलही कमी पोहोचते आणि पिस्टन जाम होतो. स्कूटर जाम झाली तर ढकलत घरी आणता येते. भर पाण्यात काय ढकलणार?

आता त्या ड्रमापाशी परत येऊ. पालकांनी इंजिन चालू करून चोक थोडा ओढला. इंजिन सुधारले. चोक हवा अडवतो, म्हणजे इंजिनाला पेट्रोल कमी पडत होते. (चोक ओढल्यावर इंजिन आणखी घुसमटले असते तर उलटा निष्कर्ष निघाला असता.) मग त्यांनी पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा दाबला. तो दाबल्यावर इंजिन सुधारले, तर दोष नळीत, पंपात किंवा टाकीकडे समजायचा. पुष्कळदा टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रूच बंद राहिलेला असतो. इथे काहीच फरक पडला नाही. शेवटी थोडी रेस वाढवली, तर चोकशिवायही इंजिन बऱ्यापैकी चालले.

यावरून दहावीच्या एका मुलीने उत्तर काढले. पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत येते आहे आणि रेसवर मिळतेही आहे, मग फक्त मंद चालीची वाट बंद असणार. कार्ब्युरेटर उघडला तर तेच निघाले. मंद चालीचा जेट वाळलेल्या पेट्रोलच्या चिकट थराने जवळजवळ बुजला होता. स्टीलची तार घातली तर छिद्र मोठे होते, म्हणून क्लीनरचा फवारा मारून आणि हवा फुंकून तो साफ केला. दुपारी इंजिन चोकशिवाय शांत चालले. मोठ्या जेटची खरी परीक्षा मात्र ड्रममध्ये होत नाही. त्यासाठी बोटीचे ओझे हवे.

आम्ही सुचवलेला स्क्रू फिरवला असता तर? काही कार्ब्युरेटरमध्ये तो हवा कमी-जास्त करतो, काहींत पेट्रोल. एकात आत फिरवल्याने मिश्रण रिच होते, तर दुसऱ्यात लीन. म्हणून स्क्रूला हात लावण्याआधी तो किती वेढ्यांवर आहे हे मोजून लिहून ठेवावे, नाहीतर मूळ दोष तसाच राहतो आणि त्यात आपला एक जास्तीचा मिसळतो.

हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणून अशा पेट्रोलच्या एका ग्रॅमला साधारण साडेतेरा ग्रॅम हवा पुरते. जुन्या कार्ब्युरेटरचे जेट मात्र ठरलेल्या मापाचे, त्यामुळे मिश्रण थोडे लीनकडे झुकते. शिवाय इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. पाणी फार झाले की ते इथेनॉलसह टाकीच्या तळाशी वेगळे होते. पचमढीला उलटे घडते. तिथे हवा विरळ, म्हणून भोपाळात ठीक चालणारे इंजिन थोडे रिच होते.

मोठ्या तलावाचे पाणी शहरातल्या कितीतरी घरांत पिण्यासाठी जाते. जुन्या टू-स्ट्रोक बोटींत साधारण पाव भाग पेट्रोल न जळताच बाहेर पडते, आणि त्यांचा धूर पाण्याखालीच सोडलेला असतो. मिश्रण रिच झाले की यात आणखी भर पडते. मोटरबोटी बंद झाल्याने मुलांची एक गंमत गेली, हे आम्हालाही वाटते. तरी आदेश योग्यच होता असे आमचे मत आहे.

पण पुराच्या वेळी माणसे काढायला मोटरबोटच लागते, आणि अशी बोट वर्षातले बरेच महिने पडूनच असते. बंद करून ठेवण्याआधी टाकीची नळी काढून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवावे आणि वाटीतले उरलेले पेट्रोल काढून टाकावे. पावसाळ्यापूर्वी ताजे पेट्रोल भरून इंजिन पाण्यात चालवून पाहावे. घरातल्या जुन्या स्कूटरला आणि जनरेटरलाही हेच लागू आहे. मुलांनी हे काम एकट्याने करू नये. मोठ्यांसोबत, मोकळ्या हवेत आणि विस्तवापासून दूर करावे.

तो बुजलेला जेट पालकांनी शाळेला दिला आहे. इंजिनात त्यांनी नवा बसवला. प्रयोगशाळेच्या कपाटात भिंगाशेजारी तो ठेवला आहे, मधल्या सुट्टीत पाहता येईल.