दप्तर विसरणारे मूल

“डॉक्टर, याच्या डोक्यासाठी एखादे टॉनिक लिहून द्या. रोज काहीतरी शाळेत विसरून येतो. मारले तरी फरक नाही!” अशी मागणी पालक वरचेवर करतात. मुलगा मात्र मान खाली घालून बसलेला असतो. आपण ‘बेशिस्त’ आहोत, हे त्याला एव्हाना पटलेले असते. नुकसान खरे तर इथेच होते.

सहाव्या वर्षापर्यंत मेंदूचा आकार प्रौढांच्या सुमारे ९० टक्के होतो. पण आकार वाढला म्हणजे काम संपले असे नाही. नियोजन करणे, सूचना ध्यानात ठेवणे, मनाला आवर घालणे ही कामे कपाळामागचा भाग करतो. मज्जातंतूंवर मायलिनचे आवरण चढणे, वापरातल्या जोडण्या पक्क्या होणे आणि बिनवापराच्या गळून पडणे ही प्रक्रिया या भागात विशीच्या मध्यापर्यंत चालते. म्हणजे आठ वर्षांच्या मुलाकडून आपण मोठ्या माणसाच्या टापटिपीची अपेक्षा करतो, ती चुकीची आहे.

मग उपाय काय? सवय. दप्तर, डबा, चपला यांची जागा ठरवून द्या. रात्री वेळापत्रक पाहून दप्तर मुलालाच भरू द्या. आपण फक्त शेजारी बसा. एका दमात चार कामे न सांगता एकेक सांगा. सकाळच्या कामांची यादी भिंतीवर लावा. सवय रुळली की आठवण करून देणे हळूहळू कमी करा. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास झोप हवी. अपुऱ्या झोपेने लक्ष टिकत नाही. निरोगी मुलाची स्मरणशक्ती वाढवणारे टॉनिक मात्र सिद्ध झालेले नाही.

इतके करूनही अडचण राहिली, तर डोळे, कान आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. रक्तक्षयानेही मुलाचे लक्ष लागत नाही. घरी आणि शाळेतही, सहा महिन्यांहून अधिक काळ, वयाच्या मानाने फारच चंचलपणा किंवा विसराळूपणा दिसत असेल, तर तो ‘एडीएचडी’ हा विकार असू शकतो. त्यावर उपचार आहेत. बालरोगतज्ज्ञांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवण्यात कमीपणा मानू नका.

मारल्याने मूल भिते, पण नियोजन शिकत नाही. ते शिकवावेच लागते.