आय-सेव्हन, पण कितव्या पिढीचा?

मुंबईत ग्रँट रोडला पूर्वेकडे उतरून थोडं चाललं की कॉम्प्युटरच्या दुकानांचा लॅमिंग्टन रोड लागतो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, तोंडी मात्र अजूनही लॅमिंग्टनच. पुण्यात हेच काम तापकीर गल्ली करते. बारावीचा निकाल लागला की इथल्या दुकानांत बाप-लेकांच्या जोड्या दिसू लागतात. लेकाच्या मोबाइलमध्ये यूट्यूब बघून केलेली यादी, बापाच्या डोक्यात एक आकडा. काउंटरपलीकडचा माणूस कॅल्क्युलेटर पुढे ओढतो आणि विचारतो, "बजेट किती?"

आकडा कळला की कोटेशन तयार. आय-सेव्हन प्रोसेसर, सोळा जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड, रंगीत दिव्यांची काचेची कॅबिनेट. कागद भारदस्त दिसतो. मेख पहिल्याच शब्दात असते.

इंटेलचा आय-सेव्हन २६०० हा २०११ मध्ये आला. चार कोर, आठ थ्रेड. आय-थ्री १२१००एफ आला २०२२ च्या सुरुवातीला, आणि त्यातही चार कोर, आठच थ्रेड. तरी नावाने धाकटा असलेला हा आय-थ्री त्या आय-सेव्हनला सहज मागे टाकतो, कारण मधल्या अकरा वर्षांत एकेका कोरची ताकदच बदलली. पिढी नावातच लिहिलेली असते. २६०० म्हणजे दुसरी, १२१०० म्हणजे बारावी. ऑफिसांनी काढून टाकलेले जुने संच झाडूनपुसून, वर दिवे लावून 'गेमिंग पीसी' म्हणून विकले जातात ते गिऱ्हाईक हा आकडा वाचत नाही म्हणून. दुसऱ्या पिढीवर विंडोज ११ अधिकृतरीत्या चालत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. व्हॅलरंटसारखा लोकप्रिय गेम तर विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी असल्याशिवाय सुरूच होत नाही.

खरं तर बजेटच्याही आधी ठरवायला हवं ते खेळायचं काय आणि कुठल्या स्क्रीनवर. व्हॅलरंट मुद्दाम साध्या मशीनवर चालेल असा बनवलेला आहे. तो जास्त फ्रेमने पळवायचा तर भार प्रोसेसरवर येतो. सायबरपंक २०७७ ला मात्र किमान १२ जीबी रॅम, एसएसडी आणि बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड लागतं. स्क्रीनचं गणित तर उघड आहे. फुल एचडी स्क्रीनवर सुमारे २०.७ लाख ठिपके असतात, फोर-केवर बरोबर चौपट. प्रत्येक फ्रेमला ते सगळे रंगवायचे असतात. कमी बजेटमध्ये फोर-के मॉनिटर घेणं म्हणजे ट्रकला बैलजोडी जुंपणं. फुल एचडीच घ्यावा, फक्त ६० हर्ट्‌झऐवजी १४४ हर्ट्‌झचा. ६० हर्ट्‌झवर चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी बदलतं, १४४ वर दर ७ मिलिसेकंदांनी. धावपळीच्या गेममध्ये हा फरक नवख्यालाही जाणवतो.

एएमडीच्या बाजूला रायझन ५ ५६०० हा स्वस्तात मस्त पर्याय बरीच वर्षं टिकला आहे. सहा कोर, बारा थ्रेड, ६५ वॉट. तो बसतो एएम४ सॉकेटवर, म्हणजे जुन्या वाटेच्या शेवटच्या टप्प्यावर. २०२२ मध्ये आलेल्या एएम५ ला डीडीआर५ रॅमच लागते, त्यामुळे सुरुवातीला खिसा जास्त हलका होतो. मात्र या सॉकेटसाठी २०२७ आणि त्यापुढेही नवे प्रोसेसर देऊ, असं एएमडीने जाहीर केलं आहे. दोन-तीन वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलायचा विचार असेल तर एएम५ घ्यावा. पाच वर्षं स्क्रूड्रायव्हर हातातच धरायचा नसेल तर एएम४ वर वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घालावेत.

इंटेलच्या नावामागचं 'एफ' हे अक्षरही नजरेआड करू नये. एफ म्हणजे आत ग्राफिक्स नाही. वेगळं कार्ड नसेल तर स्क्रीनवर काहीच येणार नाही. याच्या उलट रायझन ५ ५६००जी मध्ये ग्राफिक्स अंगभूतच आहे. कार्डाचे पैसे दिवाळीनंतर जमणार असतील तर त्याच्यावर व्हॅलरंट सुखाने खेळता येतो. मात्र हे अंगभूत ग्राफिक्स मेमरी उसनी घेतं ती रॅमकडून. म्हणून १६ जीबीची एकच पट्टी न घेता आठ-आठच्या दोन घ्याव्यात, म्हणजे रॅमचा रस्ता दुपदरी होतो. कोटेशनमध्ये पट्टी बहुतेक वेळा एकच असते.

रॅमची सध्या वेगळीच रड आहे. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप्स उचलायला सुरुवात केली आणि २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव भडकले. त्याच डिसेंबरमध्ये मायक्रॉनने क्रुशल हा घरगुती गिऱ्हाइकांचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. वर्षभरापूर्वीचा व्हिडिओ बघून केलेल्या यादीचा हिशेब इथेच कोलमडतो.

ग्राफिक्स कार्डात बजेटचा चाळीस टक्क्यांच्या आसपास वाटा जातो, आणि फसगतीच्या जागाही तिथेच जास्त. आरटीएक्स ३०५० या एकाच नावाची दोन कार्डं आहेत, २०२२ चं आठ जीबीचं आणि २०२४ चं सहा जीबीचं. दुसऱ्यात फक्त मेमरीच नाही, कोरही कमी आहेत. अर्थात त्याचीही एक गंमत आहे. ते ७० वॉटवर चालतं, वेगळी वायर लागत नाही, त्यामुळे जुन्या ऑफिसच्या डब्यात निमूट बसतं. एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी मदरबोर्डशी बोलतं ते चारच लेनवरून. पीसीआय-ई ३ च्या जुन्या बोर्डावर त्याचा दम आणखी तुटतो. म्हणजे ज्या जुन्या मशीनवाल्याला स्वस्त कार्ड हवं, त्याच्याकडेच हे कार्ड सगळ्यात वाईट चालतं!

सेकंडहँड बाजारात भाव मोहात पाडतात. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या क्रिप्टोचलनाने ग्राफिक्स कार्डांवरचं मायनिंग बंद केलं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात उतरली. राबलेलं कार्ड वाईटच असतं असं नाही. पंखे बदलले, पेस्ट नवी लावली तर ते चालतंही. पण आरएक्स ५८० म्हणून २०४८एसपी ही कमी ताकदीची आवृत्ती हाती पडू शकते, आणि काही जुन्या कार्डांचं बायोस बदलून त्यांना नवी नावं दिलेली असतात. जीपीयू-झेड हे फुकट सॉफ्टवेअर चालवलं की बरीचशी सोंगं उघडी पडतात. त्यामुळे कार्ड चालू मशीनमध्ये, समोर गेम लावूनच घ्यावं. दुसरी अडचण काळाची आहे. डिसेंबर २०२४ मधला इंडियाना जोन्स आणि मे २०२५ मधला डूम: द डार्क एजेस या दोन्ही गेमना हार्डवेअर रे-ट्रेसिंग लागतंच. जीटीएक्स १६६० सुपर कितीही धडधाकट असलं तरी तिथे अधिकृतरीत्या उपयोगाचं नाही.

आता कोटेशनमधली शेवटून दुसरी ओळ, 'कॅबिनेट विथ एसएमपीएस'. कॅबिनेटसोबत जवळजवळ फुकट येणाऱ्या या वीजपुरवठ्याच्या पेटीवर ४५० वॉट छापलेले असतात, पण ते छापण्यापुरतेच असू शकतात. प्रोसेसर आणि कार्ड दोघेही वीज घेतात ती १२ व्होल्टच्या वाटेने, म्हणून लेबलवर त्या वाटेचे अँपिअर किंवा वॉट बघावेत. गरज खरं तर फार नसते. आरएक्स ६६०० हे १३२ वॉटचं कार्ड, त्याला ६५ वॉटचा प्रोसेसर जोडला तर नामांकित कंपनीची ५०० किंवा ५५० वॉटची पेटी आरामात पुरते. एसएमपीएस उडालं तर कधीकधी मदरबोर्डही सोबत नेतं. वाचवायचेच असतील तर दिव्यांचे पैसे वाचवावेत. घरातलं अर्थिंगही एकदा वायरमनकडून तपासून घ्यावं.

विदर्भातल्या गिऱ्हाइकाने कॅबिनेट घेताना पुढच्या काचेला नाही म्हणावं. मे महिन्यात खोलीच चाळिशीला टेकलेली असते, आणि पंखा आत ओढतो ती हीच हवा. पुढे जाळी असलेली साधी कॅबिनेट इथे जास्त कामाची. एसएसडीबद्दल फार बोलायला नको. एनव्हीएमई, जमलं तर एक टीबी, कारण बाल्डर्स गेट ३ एकटाच १५० जीबी मागतो.

"बिल हवं असेल तर अठरा टक्के वेगळे," हे वाक्य ऐकू येतंच. अठरा टक्के म्हणजे जीएसटी. बिल घ्यावं. वॉरंटीसाठी पुढे सिरियल नंबरइतकाच तो कागद मागितला जातो.

मशीन घरी येतं, आणि पहिल्याच रात्री लेक वैतागतो, गेम अडखळतोय. अशा वेळी मागे वाकून बघावं. मॉनिटरची केबल पुष्कळदा मदरबोर्डच्या भोकात खोचलेली असते आणि नवं कोरं कार्ड खालच्या बाजूला रिकामं बसलेलं असतं. केबल तिथे लावल्यावर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्येही डोकावावं. १४४ हर्ट्‌झचे पैसे मोजून आणलेला मॉनिटर अजून ६० वरच चाललेला असू शकतो.