दात नसलेलं तोंड स्कॅनरला का अवघड जातं?

आजचा विषय दातांचा, खरं तर दात नसण्याचा. दाताला कॅप बसवायला गेलात तर आता बऱ्याच क्लिनिकमध्ये डेंटिस्ट जाड पेनासारखा स्कॅनर तोंडात फिरवतात आणि स्क्रीनवर जबडा तयार होतो. मग पूर्ण कवळीसाठी आजही तोच ट्रे आणि तोच लगदा का? मी डॉक्टर नाही, पण थ्रीडी स्कॅन जोडणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करते. त्यामुळे निम्मं उत्तर माझ्या गल्लीतलं आहे.

स्कॅनरला अख्खा जबडा एकदम दिसत नाही. एका वेळी एक-दोन दातांएवढाच भाग दिसतो. तो भराभर तुकडे टिपतो आणि सॉफ्टवेअर प्रत्येक नवा तुकडा आधीच्यावर बसवून बघतं, जास्तीत जास्त कुठे जुळतोय ते. या जुळवणीची एक मूळ पद्धत, आयसीपी, बेसल आणि मॅके यांनी १९९२ मध्ये मांडली. दात असले की खाचा असतात, कडा असतात, तुकडा आपोआप जागेवर बसतो.

आता दात काढून टाका. उरते गुळगुळीत, गोलसर हिरडी. पीव्हीसीचा पाइप उभा चिरा आणि एक अर्धा दुसऱ्यावर ठेवा. मागेपुढे कितीही सरकवा, दोन्ही तितकेच चिकटून बसतात. सॉफ्टवेअरचं नेमकं हेच होतं. जुळलंय असं वाटतं, पण तुकडा थोडा सरकलेला असतो. प्रत्येक सांध्यात अशी बारीक चूक साठत जाते आणि जबड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतरच चुकतं. त्यात लाळेची चमक. वरच्या जबड्यात निदान टाळूवरच्या वळ्या आधाराला असतात. खाली अरुंद हिरडी आणि सतत मध्ये येणारी जीभ. काही सॉफ्टवेअर जीभ-गाल ओळखून पुसून टाकतात, आणि त्या भरात हिरडीही पुसतात!

पण समजा, जुळवणी उद्या अगदी अचूक झाली. तरी कवळी नीट बसेलच असं नाही, आणि माझ्या मते खरी अडचण इथेच आहे. कवळी टिकते ती लाळेच्या पातळ थरावर आणि कडेच्या घट्ट बसण्यावर. कड कुठे संपावी हे गाल, ओठ, जीभ हलताना ठरतं. म्हणून डेंटिस्ट ट्रेच्या कडेला मऊ केलेलं कंपाउंड लावून तुम्हाला ओठ हलवायला, जीभ बाहेर काढायला लावतात. याला बॉर्डर मोल्डिंग म्हणतात. स्कॅनरला मात्र बघायला गाल ओढून धरावा लागतो, म्हणजे त्याला दिसतो तो ओढलेला गाल. शिवाय तो हिरडीला स्पर्शच करत नाही, त्यामुळे दाबाखाली ती कुठे किती दबते हे त्याला कळणार कसं? कड लांब झाली की जखम होते, आखूड राहिली की बोलताना कवळी उचलली जाते. घरोघरी डबीत पडून असलेली कवळी असते ना, ती बरेचदा खालचीच.

यावर जुगाड आहेत. हिरडीवर खुणेचे ठिपके लावतात, म्हणजे सॉफ्टवेअरला पकडायला काहीतरी मिळतं. मला सगळ्यात पटलेला मार्ग वेगळा आहे: माप ट्रेनेच घ्यायचं आणि ते तोंडाबाहेर काढून स्कॅन करायचं. ते हलत नाही, त्यावर लाळ नाही, कडाही बरोबर उतरलेल्या. जुनी कवळी बरी बसत असेल तर तीसुद्धा दोन्ही बाजूंनी स्कॅन करता येते. त्यामुळे आजी-आजोबांना नवीन कवळीसाठी नेताना जुनी डबीसकट सोबत घ्या.