अधिकारी व्हायचे आहे. पण महाविद्यालय कोणते?

बारावीचा निकाल हाती येऊन चार-आठ दिवस झालेले असतात. जयपूर शहर मागे टाकून टोंककडे जाणाऱ्या रस्त्याला लागले, की छापील कापडासाठी आणि हातकागदासाठी नावाजलेले सांगानेर येते, आणि त्याच्या पुढे सीतापुरा. एकीकडे औद्योगिक वसाहत, रत्ने आणि दागिने परदेशी पाठविणारे कारखाने. दुसरीकडे अभियांत्रिकीची महाविद्यालये आणि एक मोठे वैद्यकीय महाविद्यालय. उन्हातान्हात पालक आणि मुले गुणपत्रिकांची पिशवी सांभाळीत एका फाटकातून दुसऱ्या फाटकाकडे जात असतात. बँकेच्या किंवा रेल्वेच्या नोकरीत बदली होऊन जयपुरास आलेले एखादे मराठी कुटुंबही त्यांत आहे, अशी कल्पना करा. आणि वाचकहो, ते कुटुंब आपलेच आहे असे क्षणभर धरून चला.

चिरंजीव म्हणतात, "बाबा, मला इंजिनिअर व्हायचे आहे, आणि पुढे सैन्यात अधिकारी." वडील फीच्या तक्त्याकडे पाहत गप्प राहतात. आई विचारते, "अरे, सैन्यात जाणाऱ्या मुलांना सरकार शिष्यवृत्ती देते ना? मग ती घेऊन इथेच नाव घालू या."

प्रश्न साधा दिसतो. परंतु त्यात एक गैरसमज दडलेला आहे, आणि तो वेळीच दूर झाला नाही तर मुलाची चार वर्षे आणि घरची पुंजी भलत्याच जागी खर्ची पडण्याचा संभव असतो.

हा समज बहुधा परदेशी असलेल्या आप्तांच्या पत्रांतून किंवा चित्रपटांतून आलेला असतो. अमेरिकेत 1916 सालच्या कायद्याने विद्यापीठांतून राखीव अधिकारी प्रशिक्षण दल उभे राहिले. तेथे निवड झालेल्या विद्यार्थ्याची फी सैन्य भरते. विद्यार्थी आपल्या पसंतीच्या महाविद्यालयात शिकतो, शिकता शिकता कवायत करतो, आणि पदवीनंतर ठरावीक वर्षे सैन्यात काढतो. अट एवढीच, की त्या महाविद्यालयात किंवा जवळच्या दुसऱ्या महाविद्यालयात त्या दलाचे पथक असावे. थोडक्यात, तेथे शिष्यवृत्ती विद्यार्थ्यामागून महाविद्यालयात जाते.

आपल्याकडे विद्यापीठांतील लष्करी शिक्षणाचा इतिहास जवळजवळ तितकाच जुना आहे. 1917 साली विद्यापीठ पथके निघाली, 1920 साली त्यांचे विद्यापीठ प्रशिक्षण दल झाले, आणि स्वातंत्र्यानंतर पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या समितीच्या शिफारशीवरून 1948 साली राष्ट्रीय छात्रसेना, म्हणजे आपल्या घरोघर ठाऊक असलेली एन.सी.सी., जन्मास आली. मात्र ती कोणाच्या महाविद्यालयाची फी भरत नाही आणि अधिकारपदाची हमीही देत नाही. आपल्या शासनाने वेगळा मार्ग धरला. ज्याचे शिक्षण सरकारी खर्चाने करायचे, त्याला सरकार आपल्याच संस्थेत नेते. म्हणून सीतापुऱ्याच्या फाटकात उभे राहून सैन्याची शिष्यवृत्ती विचारणाऱ्या आईला खरे उत्तर असे द्यावे लागते: ती आहे, पण ती इथे चालत नाही.

मग ती चालते कोठे? पुण्याजवळ खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, हे नाव प्रथम येते. साडेसोळा ते साडेएकोणीस हे वय, संघ लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा, त्यानंतर निवड मंडळाची मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी. तीन वर्षांनी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी हाती पडते. 2022 साली येथे मुलींना प्रथम प्रवेश मिळाला, आणि 30 मे 2025 रोजी त्यांच्या पहिल्या तुकडीतील सतरा जणी शिक्षण पुरे करून बाहेर पडल्या. ज्यांच्या घरी कन्या हे स्वप्न पाहत आहे, त्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

अभियंता होण्याची ओढ असलेल्या मुलासाठी भूदलाची बारावीनंतरची तांत्रिक प्रवेश योजना याहून नेमकी आहे, आणि आश्चर्य म्हणजे ती फार थोड्या पालकांना ठाऊक असते. पदार्थविज्ञान, रसायन आणि गणित यांत मिळून किमान साठ टक्के गुण आणि त्या वर्षीची जेईई मेन परीक्षा दिलेली असणे एवढ्यावर मुलाला अर्ज करता येतो. निवड झाल्यास पुण्याचे लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय, महूचे दूरसंचार महाविद्यालय किंवा सिकंदराबादचे विद्युत व यांत्रिकी अभियांत्रिकीचे महाविद्यालय यांपैकी एकात शिक्षण होते आणि शेवटचे वर्ष डेहराडूनच्या भारतीय लष्करी प्रबोधिनीत जाते. ही योजना मात्र अद्याप मुलांपुरतीच आहे. वैद्यकाकडे ओढा असणाऱ्या मुलामुलींसाठी पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील प्रवेशाची पहिली पायरी म्हणजे नीट परीक्षा.

येथे अनुवादकाच्या मेजावरून एक गोष्ट सांगण्याचा मोह होतो. 'शिष्यवृत्ती' हा आपला शब्द फार उदार आहे. त्यात घेण्याचा भाव आहे, फेडण्याचा नाही. सरकारी कागदात त्याच्या शेजारी 'बंधपत्र' हा दुसरा शब्द बसलेला असतो, आणि पालक सही करताना पहिल्याच शब्दाकडे पाहत असतात. वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झालेल्या तरुणाला सैन्यात सेवा करावीच लागते; प्रबोधिनीतून मुलगा स्वतःच्या इच्छेने निघून आला तर झालेला खर्च परत मागितला जातो. हे अन्यायाचे नाही. परंतु सतराव्या वर्षी घेतलेला निर्णय सत्ताविसाव्या वर्षापर्यंत पुरणारा आहे, हे मुलाला सही करण्याआधी सांगितले पाहिजे, नंतर नव्हे.

या संस्थांत जागा थोड्या आणि इच्छुक पुष्कळ. तेव्हा बहुतेक कुटुंबे अखेर सीतापुऱ्यासारख्या ठिकाणीच येतात, स्वतःच्या खर्चाने पदवी घ्यायची आणि मग सैन्याचे दार ठोठवायचे, या हिशेबाने. आणि निवडीचा खरा प्रश्न येथेच उभा राहतो, कारण प्रबोधिनीत महाविद्यालय निवडायचे नसतेच. येथे ते आपल्याला निवडायचे असते.

येथील जेईसीआरसी, पूर्णिमा यांसारखी महाविद्यालये कोट्याच्या राजस्थान तांत्रिक विद्यापीठाच्या छत्राखाली वाढली. माहितीपुस्तिका हाती घेतली, की शाखांची नावे पाहून डोळे दिपतात. पूर्वी स्थापत्य, यांत्रिकी, विद्युत एवढ्यात यादी संपत असे. आता एकेका शाखेच्या नावात तीन-तीन विषय गुंफलेले असतात. यात लष्कराच्या उमेदवाराने सावध राहावे. पदवीधर अभियंत्यांना भूदलात दोन मार्गांनी घेतात: एक तांत्रिक पदवीधर अभ्यासक्रम, जो डेहराडूनला होतो आणि कायम सेवेचा आहे, दुसरा अल्पसेवेचा, जो मुलींनाही खुला आहे. दोहोंच्या जाहिरातीत मान्य शाखांची आणि त्यांच्या समकक्ष शाखांची यादी दिलेली असते. पदवीपत्रावरील शाखेचे नाव आणि अर्जातील नाव यांत फरक आढळला तर उमेदवारी रद्द होते. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी मागील दोन-तीन जाहिराती काढा, आणि महाविद्यालयाच्या कार्यालयात स्पष्ट विचारा, की पदवीपत्रावर शाखेचे नाव नेमके कसे छापले जाईल. कारकुनाला हा प्रश्न चमत्कारिक वाटेल. वाटू द्यावा.

गुणांचेही तसेच. या मार्गांत लेखी परीक्षा नसते. अभियांत्रिकीच्या गुणांवरून चाळणी लागते आणि वरच्या उमेदवारांना मुलाखतीस बोलावतात. पहिल्या वर्षी दोन विषय राहिले तरी पुढे भरून काढू, ही वृत्ती येथे घातक ठरते. शहराच्या दुसऱ्या टोकाला घर असेल, रोज जाण्यायेण्यात तीन तास जाणार असतील, तर नावाजलेल्या महाविद्यालयापेक्षा घराजवळचे किंवा वसतिगृहाचे महाविद्यालय अधिक गुण मिळवून देईल.

आता एन.सी.सी. हिचे पथक प्रत्येक महाविद्यालयात नसते. असले तरी जागा मोजक्या असतात, आणि पहिल्याच सत्रात त्या भरल्या जातात. वरिष्ठ विभागात तीन वर्षे काढून 'सी' प्रमाणपत्र मिळविलेल्या पदवीधरास मोठी सवलत आहे: त्या परीक्षेत किमान 'बी' श्रेणी आणि पदवीला निम्मे गुण असतील, तर लेखी परीक्षेवाचून तो थेट निवड मंडळासमोर जाऊ शकतो. मुलींनाही हे दार उघडे आहे. एवढी मोठी सवलत जिच्यावर अवलंबून, ती गोष्ट विचारण्यास पालक सर्रास विसरतात. उपाहारगृह पाहतात, संगणकांची दालने पाहतात, आणि छात्रसेनेची खोली कोठे आहे हे विचारीत नाहीत.

विचाराल तेव्हा नुसते "पथक आहे का?" असे विचारू नका. उत्तर "आहे" असेच येते. पहिल्या वर्षासाठी जागा किती, पथक भूदलाचे की नौदलाचे की वायुदलाचे, छात्रसेनेचे काम पाहणारे प्राध्यापक नेमलेले आहेत की ती जागा रिकामी आहे, कवायत कोणत्या वारी होते आणि त्या वेळी प्रयोगशाळेचा तास तर नसतो ना, गेल्या वर्षी 'सी' परीक्षेस किती छात्र बसले, असे विचारा. आणखी एक. प्रमाणपत्रासाठी कवायतीला पाऊणशे टक्के उपस्थिती लागते. उपस्थितीची अट महाविद्यालयाचीही असते. वार्षिक शिबिरास दहा दिवस गेलेल्या छात्राला वर्गात गैरहजर धरतात की हजर, यावर मुलाचा उत्साह तिसऱ्या वर्षापर्यंत टिकतो की मावळतो हे पुष्कळदा ठरते. 2021 साली विद्यापीठ अनुदान आयोगाने एन.सी.सी. हा श्रेयांक देणारा ऐच्छिक विषय म्हणून घेण्याची मुभा दिली. आपल्या महाविद्यालयाने ती घेतली आहे का, हेही त्याच भेटीत कळेल. शक्य झाल्यास तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या छात्राशी मुलालाच बोलू द्या, आणि आपण बाजूला उभे राहा.

या सगळ्यात एक प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही, आणि तो सर्वांत आधी विचारायला हवा: या मुलाला अभियंता खरोखर व्हायचे आहे का? पायदळात जाण्यासाठी अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. लोकसेवा आयोगाच्या संरक्षण सेवा परीक्षेला बसून कोणत्याही शाखेचा पदवीधर डेहराडूनला किंवा चेन्नईला जाऊ शकतो. त्या परीक्षेतून नौदल प्रबोधिनीत जायचे तर अभियांत्रिकीची पदवी हवी; वायुदलासाठी बारावीला गणित आणि पदार्थविज्ञान असावे, अथवा अभियांत्रिकीची पदवी. ज्याला रणगाडा किंवा पायदळ हवे आहे, इतिहास ज्याचा आवडता विषय आहे, त्याने साध्या शासकीय महाविद्यालयात बी.ए. करावे, तीन वर्षांत 'सी' प्रमाणपत्र घ्यावे, आणि घरचे लाखो रुपये घरीच राहू द्यावेत. केवळ "इंजिनिअर झाला म्हणजे हातात काही तरी राहील" म्हणून त्याला कर्ज काढून गणितात ढकलणे, हे माझ्या मते त्या मुलावरही अन्याय करणारे आहे आणि त्या कर्जावरही.

अर्थात 'हातात काही तरी राहील' या भीतीला आधार नाही असे नाही. निवड मंडळाकडे पाच दिवसांसाठी गेलेल्या मुलांपैकी बहुसंख्य निवड न होता परततात. त्यांतले पुष्कळ हुशार असतात, आणि कित्येक दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस निवडलेही जातात. निवड झाल्यावरही मार्ग निर्धोक नाही. प्रशिक्षणात गंभीर इजा होऊन घरी पाठविण्यात आलेल्या छात्रांची स्थिती वृत्तपत्रांतून पुढे आल्यावर ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतः होऊन त्याची दखल घेतली, आणि त्याच महिन्यात शासनाने अशा छात्रांना माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत घेतले. अधिकारपद मिळण्यापूर्वीच घरी आल्यामुळे माजी सैनिक हा दर्जा त्यांना नव्हता. मुलाच्या गणवेशाचे स्वप्न पाहणाऱ्या घराला हे वाचणे जड जाईल; परंतु पदवीचे मोल ठरविताना ते नजरेसमोर हवे. गणवेश मिळाला नाही तरी ज्या पदवीवर तो आनंदाने पोट भरील, तीच शाखा आणि तेच महाविद्यालय निवडा.

आणि फीचा पहिला हप्ता भरण्यापूर्वी एक सकाळ डॉक्टरांकडे घालवा. रंग ओळखण्यात दोष आहे का, चष्म्याचा नंबर किती आहे, पावले सपाट आहेत का, कान ठीक आहेत का, हे साध्या तपासणीत कळते. कित्येक मुलांना आपल्याला तांबडा आणि हिरवा वेगळा दिसत नाही हे बाविसाव्या वर्षी, लष्करी रुग्णालयातच प्रथम समजते. यांतील काही दोष उपचाराने बरे होतात, आणि त्यासाठी चार वर्षे हाताशी असतात. रंगांधत्वावर उपाय नाही. तसे आढळल्यास कोणत्या सेवेत आणि कोणत्या शाखेत त्याला किती वाव आहे, हे जाहिरातीतील वैद्यकीय निकषांवरून पाहून मग सीतापुऱ्याची बस धरा.