बेकारी घटल्याची काळजी

कामास माणूस मिळेनासा झाला, म्हणजे मजुराचे दिवस आले असे आपण समजतो. परंतु अमेरिकेची मध्यवर्ती बँक असलेल्या फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष जेरोम पॉवेल यांनी मार्च 2022 मध्ये, बेकारी 4 टक्क्यांच्याही खाली उतरली असता आणि दर बेकारामागे दीडाहून अधिक जागा रिकाम्या पडल्या असता, श्रमाच्या बाजारातील ही टंचाई प्रकृतीस अपायकारक असल्याचा अभिप्राय दिला, आणि त्याच दिवसापासून व्याजाचे दर चढू लागले.

या काळजीमागील तर्क वरवर पाहता कामगाराच्या कळवळ्याचाच आहे. माणसे दुर्मिळ झाली की मालक मजुरी वाढवितो, ती मालाच्या किमतीतून वसूल करतो, आणि हाती आलेली वाढ दुकानदाराच्या गल्ल्यात गेलेली पाहून कामगार पुन्हा वाढ मागतो. सबब, थोडी बेकारी राहणे त्याच्याच हिताचे, असा हा हिशेब. 1958 साली ए. डब्ल्यू. फिलिप्स यांनी (नळ्यांतून पाणी खेळवून राष्ट्राचा जमाखर्च दाखविणारे यंत्र ज्यांनी रचले, तेच हे गृहस्थ) 1861 ते 1957 पर्यंतचे ब्रिटनचे आकडे मांडून, बेकारी घटते तेव्हा मजुरी वेगाने चढते असे एका वक्ररेषेने दाखविले. आणि 1967 साली मिल्टन फ्रीडमन यांनी प्रतिपादिले की बेकारीचा एक ‘नैसर्गिक’ दर असतो व त्याखाली ती दाबून धरल्यास महागाई चढतच जाते. नैसर्गिक! जणू मृगाचा पाऊसच. हा दर कोणी डोळ्यांनी पाहिलेला नाही. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात तो अमेरिकेत 6 टक्क्यांच्या आसपास धरला जात असे, आणि 2000 साली बेकारी 4 टक्क्यांवर आली तरी भाववाढीचा भडका उडाला नाही.

महागाईचा रोग खरा असतो, हे नाकबूल करता येत नाही. परंतु औषध कोणाच्या घशात ओतले जाते तेही पाहावे. फेडरल रिझर्व्हचे पूर्वीचे अध्यक्ष पॉल वोल्कर यांनी व्याजाचे दर 20 टक्क्यांच्या घरात नेले तेव्हा घरबांधणी थंडावली, आणि बांधकाम करणाऱ्यांनी लाकडाच्या ठोकळ्यांवर आपली गाऱ्हाणी लिहून ते टपालाने फेडरल रिझर्व्हकडे धाडले. महागाई उतरली खरी, पण 1982 च्या अखेरीस बेकारी 10.8 टक्क्यांवर पोहोचली. ठोकळे धाडले ते कंत्राटदारांनी, रोजंदारी बुडाली ती सुतारांची. कायमची पूर्ण रोजगारी आली तर बडतर्फीची जरब उरणार नाही आणि मालकवर्गास ते मानवणार नाही, हे पोलिश अर्थशास्त्रज्ञ मिखाउ कालेत्स्की यांचे 1943 मधील निदान मला पुष्कळ वक्ररेषांहून अधिक पटते.

जून 2022 मध्ये अमेरिकेचे माजी अर्थमंत्री लॉरेन्स समर्स यांनी लंडनमध्ये सांगितले की, महागाई आवरण्यास 5 वर्षे 5 टक्क्यांहून अधिक, अथवा एक वर्ष 10 टक्के बेकारी सोसावी लागेल. त्या महिन्यात 9.1 टक्के असलेली महागाई वर्षभरात 3 टक्क्यांवर आली. पुरवठ्याच्या तुटलेल्या साखळ्या जुळल्या होत्या, इंधन उतरले होते, आणि बेकारी होती तिथेच, 3.6 टक्क्यांवर, होती.