पेरोव्हस्काइट सौरघट : कार्यक्षमता आणि स्थैर्य

उरल पर्वतात १८३९ साली सापडलेल्या एका खनिजास लेव्ह पेरोव्हस्की या रशियन खनिजसंग्राहकाचे नाव देण्यात आले. पुढे तशीच स्फटिकरचना असणाऱ्या सर्वच संयुगांना ‘पेरोव्हस्काइट’ ही संज्ञा लागू झाली. त्यांपैकी शिशाच्या हॅलाइड संयुगांचा सौरघटात उपयोग जपानमध्ये मियासाका व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. २००९ साली त्यांच्या घटाची कार्यक्षमता ३.८ टक्के होती. आज प्रयोगशाळेतील लहान घटांत ती २६ टक्क्यांच्या पुढे गेली आहे. तथापि टिकाऊपणात हे घट अद्याप सिलिकनच्या बरोबरीस आलेले नाहीत.

कार्यक्षमता व स्थैर्य हे प्रथमदर्शनी दोन भिन्न प्रश्न वाटतात. परंतु त्यांचे मूळ बऱ्याच अंशी एकच आहे. द्रावणापासून बनविलेला थर असंख्य सूक्ष्म स्फटिकांचा असतो. त्यांच्या सीमांवर व पृष्ठभागावर काही आयनांच्या जागा रिक्त राहतात. अशा दोषस्थानी प्रकाशाने मुक्त झालेले इलेक्ट्रॉन विवरांशी पुन्हा संयोग पावतात व ऊर्जा वाया जाते. याच वाटांनी आयोडाइडचे आयन सरकतात, बाष्प आत शिरते आणि अखेर काळा थर विघटित होऊन पिवळे लेड आयोडाइड उरते.

म्हणूनच दोषस्थाने योग्य रेणूंनी बांधून टाकल्यास दोन्ही हेतू एकदम साधतात. स्फटिकाची घडणही बदलता येते : फॉर्मामिडिनियमच्या संयुगात थोडे सीझियम मिसळल्यास त्याची काळी, प्रकाशशोषक अवस्था सामान्य तापमानास टिकून राहते. घट काचेत बंदिस्त केल्याने बाहेरचे बाष्प अडते, आतील आयनांचे स्थलांतर मात्र अडत नाही. यास्तव या घटांची खरी कसोटी क्षणिक उच्चांकात नसून, उन्हात व उष्णतेत दीर्घकाळ टिकणाऱ्या कार्यक्षमतेत आहे.