घराला कुलूप, मांजराला जेवण

मंडळी, घर सोडून चार दिवस बाहेर जायचे ठरले म्हणजे आपल्याकडे कामांची यादी ठरलेली असते. गुरे असली तर ती कुणाच्या तरी गोठ्यात बांधायची, तुळशीला पाणी घालायला सांगायचे, देवाकडे दिवा कोण लावील ते पाहायचे, विजेचा मेन स्विच बंद करायचा. सगळे आटोपून पिशव्या ओट्यावर आल्या की घरातली म्हातारी हळूच विचारते, "गो, पण माजराक कोण घालतला?" मग सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात.

हा प्रश्न पूर्वी इतका अवघड नव्हता. मसुऱ्यासारख्या गावात पूर्वी घर कधी रिकामे पडतच नसे. चार माणसे बाहेर गेली तरी दोन मागे असायची. आता मुले मुंबईला, पुण्याला, गोव्याला. घरात दोन वडीलधारी माणसे. त्यांच्यातल्या एकाला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुंबईला जायचे झाले तर दुसऱ्यालाही सोबत जावेच लागते. शेजारी पाहावे तर तिथेही कुलूप. ते उघडते गणपतीला आणि आंगणेवाडीला भराडीदेवीची जत्रा भरते तेव्हा. ज्या शेजाऱ्याकडे किल्ली द्यायची, तोही बहुधा सत्तरीचाच असतो.

आपल्याच मालवण तालुक्यात आचरे, चिंदर, वायंगणी या गावांत गावपळणीची रीत आहे. ठरावीक वर्षांनी देवाचा कौल घेतात, आणि अख्खे गाव तीन दिवस तीन रात्री शिवेबाहेर राहायला जाते. जाताना माणसे गुरेढोरे नेतात, कोंबड्या नेतात, कुत्री-मांजरीसुद्धा नेतात. त्या रीतीमागची श्रद्धा ज्याची त्याची. पण त्यातली एक गोष्ट ध्यानात धरण्यासारखी आहे. घर सोडायचे तर घरातला एकही जीव विसरायचा नाही.

आपल्याला मात्र मांजर मुंबईला नेता येत नाही. मांजर माणसापेक्षा जागेला धरून राहणारे. पिशवीत घालून रात्रभर गाडीत नेले तर ते भेदरते, आणि परक्या जागी दार उघडे मिळताच पळून जाते. तेव्हा त्याला त्याच्याच घरी ठेवून त्याच्या पोटाची सोय करणे हे बरे. या कामासाठी अलीकडे बाजारात आपोआप वाढणारी यंत्रे मिळतात. त्यांना ऑटोमॅटिक फीडर म्हणतात. त्यांचा उपयोग काय आणि त्यांच्यावर विसंबायचे किती, ते आज पाहू.

आधी एक शंका दूर करू. कुणी म्हणेल, "मांजराला कसली सोय? उंदीर मारून खाईल की!" काही मांजरे तसे करतातही. पण माशाच्या डोक्यावर आणि भातावर वाढलेल्या मांजराला रोज पोटभर शिकार मिळेलच असे नाही. दुसरे असे की मांजराचे शरीर उपासाला बनलेले नाही. दोन-तीन दिवस पोटात काहीच गेले नाही तर अंगातली चरबी यकृताकडे जाऊन तिथे साचू लागते. मग अन्न समोर आणले तरी त्याला खाववत नाही, आणि मांजर दगावू शकते. लठ्ठ मांजराला हा धोका अधिक. म्हणजे चार दिवसांचा उपास मांजराच्या दृष्टीने साधी गोष्ट नव्हे.

आता यंत्राकडे वळू. त्यात जादू काही नाही. शंकराच्या पिंडीवर टांगलेले अभिषेकपात्र आठवा. पुजारी घरी गेला तरी थेंबामागून थेंब पडत राहतो. लग्नात पूर्वी घटिकापात्र वापरीत. बुडाला बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर सोडली की चोवीस मिनिटांनी भरून बुडते आणि भटजींना वेळ कळते. एका भांड्यातून वस्तू आपोआप पडते, दुसऱ्याने वेळ आपोआप मोजली जाते. या दोन गोष्टी एकत्र आणल्या की मांजराला वाढणारे यंत्र तयार झाले.

अशा यंत्रांचे ढोबळ तीन प्रकार. पहिला अगदी साधा. गिरणीत दळण ओततात त्या नरसाळ्यासारखे वर भांडे, खाली ताटली. मांजराने खाल्ले की वरचे खाद्य आपल्या वजनाने खाली उतरते. याला वीज लागत नाही आणि बिघडण्यासारखेही काही नसते. पण याला वेळ कळत नाही की माप कळत नाही. हावरट मांजर चार दिवसांचे पहिल्या दिवशीच फस्त करील आणि पुढे उपाशी राहील.

दुसरा प्रकार गोल ताटलीचा. ताटलीत चार ते सहा कप्पे असतात आणि वरच्या झाकणाला एकच खिडकी. घड्याळाच्या ठोक्यावर ताटली फिरते आणि पुढचा कप्पा खिडकीखाली येतो. यात प्रत्येक जेवणाचे माप आपण स्वतः भरतो, म्हणून ते चुकत नाही. दोन दिवसांच्या प्रवासाला हा प्रकार चांगला.

तिसरा प्रकार मोटरचा. वरच्या डब्यात खाद्य भरायचे. आत एक पंख्यासारखे चाक किंवा मळसूत्र असते. ठरलेल्या वेळी मोटर त्याला फिरवते, आणि प्रत्येक फेऱ्याला ठरावीक खाद्य ताटलीत पडते. काही यंत्रे मोबाईल फोनवरूनही चालवता येतात.

या सर्व यंत्रांत सुके खाद्य घालायचे, दुकानात पिशवीतून मिळते ते. बांगड्याचे डोके किंवा पेजेतला भात यंत्रात घालू नये. किनाऱ्यावरच्या दमट उष्म्यात तो काही तासांत आंबतो. आणि इथे पुष्कळ जण फसतात. माशावर वाढलेले मांजर सुक्या खाद्याला तोंडच लावत नाही. म्हणून जाण्याच्या आठ-दहा दिवस आधीपासून त्याच्या रोजच्या जेवणात थोडे थोडे सुके खाद्य मिसळत जा. ते खुशीने खाऊ लागले, तरच यंत्राचा उपयोग.

माप किती? चार किलोच्या मोठ्या मांजराला दिवसाला साधारण ५० ते ७० ग्रॅम सुके खाद्य पुरते. पिशवीवरही प्रमाण छापलेले असते. पण यंत्रावरचा आकडा खरा धरू नका. खाद्याच्या दाण्याप्रमाणे तो बदलतो. दहा फेरे फिरवून पडलेले खाद्य वाण्याच्या तराजूत घाला. १०० ग्रॅम भरले तर एका फेऱ्याला १० ग्रॅम झाले. मग ६० ग्रॅमसाठी सकाळी तीन फेरे, संध्याकाळी तीन फेरे. हिशेब सोपा आहे, पण तो घरी असतानाच करायचा.

आता आपल्याकडच्या अडचणी पाहा, कारण ही यंत्रे बनवणाऱ्यांनी कोकणचा पावसाळा पाहिलेला नसतो.

पहिली अडचण विजेची. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्यालगत गेले तेव्हा जिल्ह्यात किती ठिकाणी कित्येक दिवस अंधार होता, ते आपण विसरलेलो नाही. म्हणून विजेवर आणि सेलवर अशा दोन्हींवर चालणारेच यंत्र घ्यावे. प्लग उपटून पाहावे. सेलवर ते चालू राहते का, आणि लावलेल्या वेळा त्याच्या लक्षात राहतात का? वीज गेली की काही यंत्रे वेळ विसरतात. आणखी एक. निघताना सवयीने मेन स्विच बंद केलात आणि यंत्रात सेल नसले, तर मांजराचे जेवण तुम्ही स्वतःच्या हाताने बंद केले, असे होईल.

दुसरी अडचण दमटपणाची. पावसाळ्यात सुके खाद्य दोन-तीन दिवसांत मऊ पडते, मळसूत्राला चिकटते आणि यंत्र अडते. त्याला बुरशी आली तर ते विषासारखे. तेव्हा डबा काठोकाठ भरू नका. जितके दिवस जायचे तितक्याचे आणि वर दोन दिवसांचे, एवढेच भरा.

तिसरी अडचण मुंग्यांची. तिच्यावर उपाय आपल्या आजीचाच. दुधाच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवीत, तशी यंत्राची ताटली पाण्याने भरलेल्या परातीत विटेवर ठेवा. मोटर आणि वायर मात्र पाण्यापासून दूर राहिली पाहिजे.

चौथी अडचण आगंतुकांची. यंत्र पडवीत ठेवले तर कावळे, कुत्री, वानर आणि शेजारची मांजरे पंगतीला येतात. रात्री उंदीर येतात, आणि उंदरांच्या मुताबरोबर लेप्टोचा ताप येतो. म्हणून यंत्र घरात ठेवावे, मांजराच्या येण्याजाण्याची वाट उघडी ठेवावी, आणि मांजर ढकलून पाडणार नाही अशा बेताने ते खांबाला बांधावे.

फोनवरून चालणाऱ्या यंत्रांविषयीही एक गोष्ट सांगतो. २०२० च्या फेब्रुवारीत अमेरिकेत एका कंपनीचे मध्यवर्ती संगणक काही दिवस बंद पडले. दूर गेलेल्या मालकांना आपली यंत्रे फोनवर दिसेनाशी झाली, आणि कित्येकांची यंत्रे वाढीनाशी झाली. तिकडे ही गत, तर आपल्या रेंजचे काय सांगावे? यंत्राच्या पोटातच घड्याळ असलेले बरे.

पाण्याचे काय? सुके खाद्य खाणाऱ्या मांजराला पाणी अधिक लागते. चार किलोच्या मांजराला दिवसाला पाव लिटरच्या आतबाहेर धरा. दोन-तीन पसरट भांडी वेगवेगळ्या जागी ठेवा. एक सांडले तर दुसरे राहील.

एवढे सगळे जमले म्हणजे झाले का? नाही, मंडळी. यंत्र वाढते, पण पाहत नाही. ताटलीत खाद्य पडले, एवढेच त्याला ठाऊक. ते मांजराने खाल्ले की मुंग्यांनी, की तसेच पडून राहिले, हे त्याला कळत नाही. बोक्याची लघवी अडते तेव्हा तो पुन्हा पुन्हा बसतो, कुंथतो, पण थेंब पडत नाही. एक-दोन दिवसांत त्याचा जीव जाऊ शकतो. यंत्र त्याही दिवशी सकाळी तीन फेरे आणि संध्याकाळी तीन फेरे नेमाने वाढील. मांजराचा पाय मोडला, साप चावला, ते माळ्यावर कोंडले गेले, तरी वाढील.

म्हणून यंत्र शेजाऱ्याच्या जागी ठेवायचे नाही. ते शेजाऱ्याच्या मदतीला ठेवायचे. शेजारच्या काकींना दोन वेळा मासे शिजवून आणायला सांगणे जड जाते. त्यांचे गुडघे दुखतात, पावसात वाट निसरडी होते. आपल्यालाही सांगताना संकोच होतो. पण "काकी, वाढायचे काम यंत्र करील, तुम्ही दिवसातून एकदा फक्त डोकावून जा," असे म्हटले तर त्या आनंदाने हो म्हणतील. दहा मिनिटांचे काम. एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्या: मांजर दिसले का? ताटली रिकामी झाली का? पाणी बदलले का? ते नेहमीसारखे चालते, बसते का? खाली तुमचा आणि गुरांच्या डॉक्टरांचा फोन नंबर. एखादे दिवशी यंत्र बंद पडले तर हाताने वाढता यावे, म्हणून थोडे खाद्य घट्ट झाकणाच्या डब्यात काकींकडे ठेवा.

किती दिवस असे चालेल? निरोगी, मोठे मांजर असेल तर तीन-चार दिवस. आठवड्यापेक्षा अधिक जायचे असेल तर ज्या घरात माणूस राहते त्या घराकडे मांजर सोपवावे. पिल्ले, व्यालेली मांजरी आणि आजारी मांजर यांना यंत्राच्या भरवशावर एक दिवसही ठेवू नये. आणि कोणतेही यंत्र आणले तरी आधी एक आठवडा तुम्ही घरी असताना चालवून पाहा. चुका तुमच्या डोळ्यांसमोर होऊ द्या, पाठीमागे नको.

गुरुजनांना एक सुचवावेसे वाटते. हा विषय वर्गात घेण्यासारखा आहे. एक बाटली पाण्याने भरून उथळ ताटलीत उपडी धरा, बाटलीचे तोंड ताटलीच्या तळापासून बोटभर वर राहील अशी. पाणी तोंडाशी पोचले की थांबते. ताटलीतले पाणी कमी झाले की बुडबुडा वर जातो आणि तेवढेच पाणी खाली येते. हवेचा दाब मुलांना याहून सोप्या रीतीने दाखवता येणार नाही. कोंबड्यांना पाणी पाजायचे भांडे याच तत्त्वावर चालते. मग मुलांना विचारा, "या बाटलीला काय कळते, आणि काय कळत नाही?" उत्तर मुलेच देतील. शिवाय वाडीत कुणाचे घर बंद आहे आणि तिथे कोणता मुका जीव मागे राहिला आहे, याची नोंद मुलांनी ठेवली, तर तो अभ्यास गावाच्याही उपयोगी पडेल.

तेव्हा पुढच्या वेळी पिशव्या ओट्यावर येण्याच्या आठ-दहा दिवस आधीच हा प्रश्न घरात काढा. यंत्र घ्या, ते तपासून पाहा. आणि कुलूप लावल्यावर किल्ली खिशात घालून निघू नका. ती शेजारच्या काकींच्या हातात द्या.